मेंढराच्या पुढे वीतभर

वाळूजच्या आमच्या शाळेत मी सातवीच्या वर्गाला फेकयंत्रं करायला दिली होती. आइस्क्रीमच्या काड्या, रबर आणि बाटलीचं झाकण, एवढंच सामान. एका दिवसात यंत्र बनवायचं आणि मग आठवडाभर ते सुधारत बसायचं. सगळ्यात चांगलं यंत्र जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होतं. प्रदर्शन त्या वर्षी पैठणला होतं.

वर्गातली एक मुलगी मामाकडे राहून शिकत होती. तिचे आईवडील तिकडे पैठणच्याच बाजूला मेंढरं घेऊन हिंडायचे. "मॅडम, माझे आई-बा बघाया येऊ शकतेत ना?" हे तिनं मला तीनदा विचारलं. बाकीची पोरं लांब फेकायच्या नादात रबरावर रबर चढवत होती आणि काड्या मोडत होती. ही मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आडवी काडी जराशी सरकवायची, कागदाचा ओला बोळा फेकायचा, कुठं पडला ते वहीत लिहायचं.

यंत्रांच्या परीक्षेच्या दिवशी मी उत्साहाच्या भरात खडूचा डबा फरशीवर ठेवला आणि म्हणाले, "समजा, हे पिकात शिरलेलं मेंढरू आहे. प्रत्येकाला पाच बोळे. धरा नेम!"

बोळे उडू लागले. एका पोराचे दोन लागले. हिचा एकही नाही. माझा पारा चढला. आठवडाभर काय केलंस, म्हणून मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती खाली फरशीकडे बघत राहिली. मीही पाहिलं, तर डब्याच्या पुढे, पलीकडच्या बाजूला वीतभर अंतरावर पाचही ओले डाग एकमेकांना चिकटून होते.

"मेंढराला मारत नसतेत, मॅडम," ती हळूच म्हणाली. "त्याच्या म्होरं दगड पडला की ते आपसूक माघारी वळतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, असं मी वर्गाला सांगितलं आणि तिला पुन्हा पाच बोळे दिले.

"आता निस्ता डबाच ना, मॅडम?"

"नुसता डबाच."

तिनं यंत्र वीतभर मागे सरकवलं. पाचही बोळे थेट डब्यावर बसले.

पैठणला तीच गेली. नंतर मी कितीतरी वर्गांकडून यंत्रं करून घेतली, चांगले नेमबाजही पाहिले. पण त्या पोरीचं मला जे कौतुक वाटलं, ते पुन्हा कुणाचं वाटलं नाही. आईबापांनी आपलं काम बघावं म्हणून ती झुरत होती. प्रदर्शनातली हातची जागा जाणार हे तिला कळत होतं. तरी तिनं खोट्या मेंढरालासुद्धा दगड लागू दिला नव्हता.