घासून टाकलेली पीएचडी

माझ्या आत्याला अभ्यासाचं व्यसन आहे. नोकरी सांभाळून तिने इतक्या परीक्षा दिल्या, की भिंतीवर पदव्या लावायला जागा उरली नाही. तरी निकालाच्या दिवशी ती नखं खातेच. धडा पाठ व्हावा, प्रश्न यावा आणि उत्तर पुस्तकाशी जुळावं, याहून मोठं सुख तिला ठाऊक नव्हतं.

मग कुणीतरी तिच्या डोक्यात पीएचडीचं खूळ भरवलं. विषय मिळाला शेवाळ. आत्याने घरातल्या झाडून सगळ्या बशा पळवल्या, त्यांत शेवाळ लावलं आणि काही सावलीत, काही उन्हात मांडल्या. बाबा म्हणाले, "ताई, तू नुसता अभ्यास करायचीस तेव्हा निदान भांडी तरी जागेवर असायची."

वर्षभराने ती केलेलं काम घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेली. बाई तिच्याहून वयाने लहान, पण जिभेने तिखट. सोबतीला मी होते.

"सगळं पुस्तकातल्यासारखंच?" बाईंनी विचारलं. "एकही बशी वेगळी वागली नाही?"

"वागल्या ना," आत्या अभिमानाने म्हणाली. "उन्हातल्या काही उगाचच फोफावल्या होत्या. पुस्तकात तसं नाही. चुकलेल्या म्हणून घासून टाकल्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तीच तुमची पीएचडी होती. घासून टाकलीत." आणि बजावलं, काम तपासणाऱ्या समितीला नवं काही दिसलं नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द होईल.

आत्यावर आयुष्यात पहिल्यांदा नापास व्हायची पाळी आली होती. घरी येऊन ती ढसाढसा रडली. मला वाईट वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. बाबा मात्र उठले आणि त्यांनी उन्हाची खिडकी रिकामी करून दिली. तिने डोळे पुसले, पुन्हा बशा मांडल्या. या खेपेला घासणीला हात लावला नाही. उन्हातलं शेवाळ पुन्हा तस्संच फोफावलं.

समितीच्या दिवशी मी दाराबाहेर कान लावून उभी होते.

"हे उन्हात वाढतं कशामुळे?" आत कुणीतरी विचारलं.

जिने उभ्या जन्मात एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता, ती माझी आत्या म्हणाली, "माहीत नाही." आणि पुढे म्हणाली, "अजून कुणालाच माहीत नाही."

नोंदणी टिकली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "मग ताई, मजा कशात जास्त? अभ्यासात की संशोधनात?"

"अभ्यासात," ती फटकन म्हणाली. "संशोधनात डोक्याला नुसता ताप."

आणि ताट अर्धवट टाकून खिडकीतल्या बशांपाशी जाऊन बसली.