दिवस जाण्याआधीची गोळी

माझा पहिला मुलगा पाठीवर उघडी जखम घेऊन जन्मला आणि आठवड्याच्या आत गेला. दिवस गेल्याचं आमच्या घरात तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. डॉक्टरकडेही त्यानंतरच जायचं. मीही तोंड मिटून बसले होते. पुढे नव्या रायपुरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच जुळतो, बाईला धड कळायच्याही आधी. इतरही कारणं असतात, पण त्यासाठी लागणारं फॉलिक ॲसिड तुमच्या अंगात फारच कमी होतं. आता दुसऱ्या वेळी दिवस जाण्याआधीपासूनच गोळी घ्यायची. घरी येताना माझं डोकं असं फिरलं होतं की दिसेल ते फोडावंसं वाटत होतं.

सासूबाईंना सांगून पाहिलं. पोटात काही नाही तर गोळ्या कशाच्या, म्हणाल्या, उगाच अंगात गरमी होते. मग मी पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलं आणि रोज एक गोळी घेऊ लागले.

ते त्यांच्या हाती लागलं. पोर नको म्हणून ही गोळ्या खाते, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. नवरा उरला गावच्या रोलिंग मिलमधून कामाची पाळी करून आला, तेव्हा दारातच त्याचे कान भरले. त्याने बूटही काढले नाहीत, तसाच स्वयंपाकघरात शिरला. माझे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं.

"काहून? माह्या घरी पोट्टं नको तुले?"

तोंडात रक्त आलं. हाताशी खलबत्ता होता. मी बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलेलं मी ऐकलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो कळवळत खाली बसला. सासूबाई पाकीट घेऊन मोरीकडे धावल्या, तर मी त्यांचा हात पिरगाळून ते हिसकावलं.

"पहिल्याची पाठ विसरले का तुम्ही?" मी दोघांना म्हटलं. "दुसऱ्याची जुळावी म्हणून खाऊन राहिली मी. आता या अडवायले."

एक गोळी काढून त्यांच्यासमोर रक्तासकट गिळली. कुणी पुढे आलं नाही. ज्याच्यापायी एवढी मारामारी झाली, ते पोर अजून पोटात आलंही नव्हतं.