पडच हाय

बनाबाईचं तोंड एरवी भाकरीला आणि शेळ्यांना हाळी घालायलाच उघडायचं. जन्मात एकदा ती ग्रामसभेत बोलली, आणि तेवढंच तिला नडलं.

लोणंदच्या पुढं, माणसांपेक्षा दगड जास्त असलेल्या तिच्या गावाला पर्यावरण दिनाची झाडं लावायला जागा हवी होती. सरपंच हंबीररावांनी भर सभेत विचारलं, "बनाकाकी, देवळामागचा माळ पडच हाय नव्हं?"

"व्हय की, पडच हाय," बनाबाई म्हणाली. चारचौघांत आपल्याला विचारलं याचंच तिला अप्रूप!

आता धनगराच्या तोंडी पड म्हणजे नांगर न लागलेलं, शेरडामेंढरांना मोकळं रान. सरकारदरबारी मात्र पड म्हणजे कुणाच्याच कामाची नसलेली जमीन. आठवड्यात माळाला तारेचं कुंपण बसलं, खड्डे झाले, झाडं लागली आणि फाटकावर पाटी आली: चराईबंदी.

बरं, झाडांशी तिचं वाकडं होतं का? मुळीच नाही. पाला काढतानाही ती बाभळीचा शेंडा राखायची. नात प्रांजल शाळेत झाडांवर भाषण करून बक्षीस घेऊन आली, तेव्हा म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली होती. मग राग काढायचा तरी कुणावर? बांधावर शेळ्या नेल्या तर शिव्या, रस्त्यावर नेल्या तर ट्रक. शेवटी ती सरपंचांच्या दारात गेली.

"आवं, येक कोपरा तरी मोकळा ठिवा. म्या पड म्हनलं ते चरायची म्हनलं."

"काकी, झाडं जगाय पायजेत का नगंत?"

"जगाय पायजेत," बनाबाई म्हणाली. आणि आल्या पावली माघारी फिरली.

घरी प्रांजल समजूत घालायला लागली, "आज्जे, झाडं मोठी झाली की लय सावली पडंल."

"व्हय बाळा. पर तवर शेरडांनी काय खायाचं?"

पोरीच्या भाषणात ते नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आत शेळ्या लोणंदच्या बाजाराला निघाल्या. पांढऱ्या कानाची थोरली शेळी काही केल्या टेम्पोत चढेना. बनाबाईनंच हातातला पाला दाखवून तिला वर घेतलं. विकल्यापेक्षा त्या पाल्याचंच तिला जास्त लागलं.

पुढच्या पर्यावरण दिनाला गावानं बनाबाईचा सत्कार केला. घरात प्लास्टिक नाही, जळणाला गोवऱ्या, फाटक्या लुगड्यांच्या वाकळा. असं साधं जगणं सगळ्यांनी शिकावं, असं पाहुणे म्हणाले. गरिबीला इतकं देखणं नाव असतं हे तिला तिथं कळलं. तिनं मान खाली घालून शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं लिंबाचं रोप घेतलं. तिला आनंद झाला नाही असं नाही, आणि नेमकं त्याचंच तिला रडू येत होतं.

रोप लावायचं कुठं? घराभोवती सगळा खडक. मऊ जागा एकच, शेळ्यांच्या दावणीपाशी, जिथं वर्षानुवर्षं लेंड्या मुरल्या होत्या. आजी-नातीनं तिथंच खड्डा घेतला. रोप उभं राहिलं तशी प्रांजल धावत निघाली.

"कुटं गं?"

"काट्या आनते, आज्जे. न्हाईतर शेरडं..." आणि तिनं जीभ चावली.

बनाबाईनं बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. रिकाम्या दावणीकडं बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळा. आता कोन खातंय त्येला?"