पेंड चाखणारे अण्णा

निपाणीतल्या तेलघाण्यावर पेंड विकणाऱ्या त्या अण्णांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते आधी चिमूटभर पेंड स्वतःच्या तोंडात टाकत, डोळे मिटून चघळत आणि मगच पोतं उचलत.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही मत्स्यशास्त्राचा. बोरगावजवळच्या शेततळ्यात वडिलांनी माझ्या भरवशावर मासे सोडले होते. खाद्यातली मासळीची भुकटी परवडेना, म्हणून मी तिच्याऐवजी अण्णांकडची सोयाबीनची पेंड आणि वाळवलेल्या अळ्या घातल्या. प्रमाण पुस्तकातलंच होतं, पण मासे तीन दिवस तोंड लावेनात. वडील रोज तळ्यावर येऊन न खाल्लेलं खाद्य बघून जात, तेच जास्त लागत होतं.

चौथ्या दिवशी, पेंडीतच खोट असेल असं वाटून, त्या खाद्याची पुडी घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी सवयीनं चिमूट तोंडात टाकली.

"अण्णा, त्यात अळ्या हायत!"

"मग माशास्नी काय पेढं पायजेत?" ते चघळतच राहिले. "माल झ्याक हाय. जुनं खाद्य एकदम बंद केलंस व्हय? म्हशीची पेंड बदलताना तुझी आई काय करती रं?"

आई जुन्या पेंडीत नवी मुठीमुठीनं वाढवते. लहानपणापासून बघत आलो होतो. तसंच केलं. आठवड्याभरात मासे वर येऊन खाऊ लागले, तळं नुसतं खळबळलं.

"शिकलास ते वाया न्हाय गेलं," वडील म्हणाले.

"निम्मं आईचं हाय," मी म्हणालो. छातीवरचा दगड उतरला होता.

दुसऱ्या दिवशी पेंड न्यायला गेलो, तेव्हा मासे खाऊ लागल्याचं सांगितलं. अण्णांनी चिमूट नेहमीपेक्षा जास्त वेळ चघळली.

"घिऊन जा," ते म्हणाले. "पेढंच हायत."