उजेड दाखवलेली फिल्म
गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या माणसाने आमच्या विहिरीत जांभळं औषध टाकलं आणि आचऱ्यातली एक जुनी दुपार आठवली. मी घरच्या न्हाणीत कृष्णधवल फिल्मवरच थेट स्लाइड, म्हणजे निगेटिव्हऐवजी सरळ दिसणारं चित्र, तयार करत होतो. त्यातल्या एका द्रावणात हेच औषध आणि थोडं ॲसिड असतं. वापरलेलं जांभळं पाणी मी डब्यात ओतत होतो, तेवढ्यात शेजारची काकी दारात आली. "कसला रे पाणी ता? विख तर न्हय?" मी म्हटलं, "विहिरीत घालतात ताच औषध, काकी." "मगे डब्यात कित्याक भरतंस? माडाक घाल बघू!" ॲसिडमुळे ते माडाला घालता येईना, तसा तिचा संशय वाढला आणि ती तिथेच दगडावर बसून राहिली. मी फिल्म उन्हात धरली तशी ती उठलीच. "उजेड लागलो काय फोटो जातत, माका म्हायत आसा. काय लपवतंस?" या पद्धतीत मध्येच उजेड दाखवावा लागतो, हे काही तिला पटेना. शेवटी धुतलेली फिल्म मी दोरीवर टांगली आणि तिने ती डोळ्यांजवळ ओढली. किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेला तिचा नवरा त्यात स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या ओठांत विडी होती. छातीच्या दुखण्यानंतर काकांनी देवळात शपथ घेऊन विडी सोडली होती. "कधीचो ह्यो फोटो?" तिने हळूच विचारलं. "परवाचो," मी म्हटलं. ती तडक घराकडे गेली. त्या संध्याकाळपासून काकांची विडी खरोखरच सुटली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. माझ्या हातात कॅमेरा दिसला की अजूनही बोलता बोलता थांबतात आणि विचारतात, "आत रोल आसा काय रे?"