लुसीचे डोळे कोणी रंगवायचे

आमच्या मावशीच्या मूर्तींच्या कारखान्यात प्लास्टरचे ख्रिस्ती संत एका रांगेत उभे असतात, पण सगळ्यांचं नशीब काही सारखं नाही. संत सबास्तियन अंगातल्या बाणांसकट वर्षभर धूळ खातो. संत लुसी मात्र रंग वाळला की विकली जाते. सतराशे वर्षांपूर्वी श्रद्धेपायी जीव दिलेली ही पोरगी. तिचे डोळे काढले होते म्हणे. म्हणून ती हातातल्या ताटलीत डोळे घेऊन उभी असते, आणि ज्याला म्हणून मोतीबिंदू झाला तो तिच्याकडे धावतो. डोळ्यांचे डॉक्टर ढिगाने झाले, तरी हिचं गिऱ्हाईक कमी होत नाही.

तिचे चारही डोळे, चेहऱ्यावरचे नि ताटलीतले, मावशीच रंगवणार. झगा, केस, काठ सुनेने करायचे. डोळ्यांच्या कुंचल्याला हात लावायचा नाही. त्या डोळ्यांवरच मावशीचं नाव होतं. आणि नेमकी तिचीच नजर अंधूक झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डॉक्टरचं नाव काढलं की उसळायची, "मला काय धाड भरलीय?" खरं कारण लाज. लुसीची रंगारीण आंधळी, असं लोक म्हणतील, म्हणून ती झाकली मूठ उघडायला तयार नव्हती. मला तिचा रागच यायचा, पण तिच्यापुढे बोलणार कोण?

परवा दुपारी शिंपीकाका आले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"ताई, तुमच्या हातच्या डोळ्यांचीच लुसी द्या. दुसरीकडची नको."

मावशी खुलली. सकाळी रंगवलेली मूर्ती उचलून तिने सवयीने चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. सकाळचा रंग दुपारपर्यंत खडखडीत वाळतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"कधीपासून गं?" तिने सुनेला विचारलं.

सून खाली बघत म्हणाली, "बरेच महिने झाले, आई. एक डोळा इकडे, एक तिकडे जायचा. लोक मूर्ती परत आणायला लागले. म्हणून तुम्ही जेवून पडलात की मी डोळे पुन्हा..."

"घरात कोणाकोणाला माहितीये?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघत राहिलो.

मावशीचा चेहरा शरमेने काळवंडला, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. तिने कुंचला उचलून फिसकटलेल्या डोळ्यापाशी नेला. टोक नाकावर टेकलं. मग तिने तो सुनेच्या हातात दिला.

"दादा, हे डोळे हिच्या हातचे आहेत. चालत असतील तर घ्या."

"चालतील की," शिंपीकाका घाईघाईने म्हणाले.

सुनेने डोळा नीट केला. मावशीने मान वर न करता विचारलं, "तुमचे ते डॉक्टर कुठे बसतात?"

आवाज इतका बारीक, की शिंपीकाकांना ऐकूच गेलं नाही.

"काय म्हणालात, ताई?"

मावशीला ते पुन्हा, मोठ्याने विचारावं लागलं.