मास्तरांचे दोन मासे

१९८४ साली मी शेहेचाळीस वर्षांचा होतो, आणि मासा म्हणजे काय हे मला शिकवील असा माणूस जन्मला नाही असं मला वाटायचं. शाळा दुसरीत सोडली. पण वेसाव्याच्या बंदरात पाण्याच्या रंगावरून खाली काय फिरतंय ते सांगणारे चार-पाच जण होते, त्यांत मी होतो. मोठेपणा म्हणून लिहीत नाही. तसं होतं म्हणूनच पुढचं घडलं.

आमच्या वाड्याला लागून नवी बिल्डिंग झाली, तिथे पार्ल्याहून एक रिटायर मास्तर राहायला आले. बायको वारलेली, मुलगी पुण्याला दिलेली, घरात एकटे. बाजारात माझ्या बायकोच्या पाटीवर रोज यायचे आणि पापलेटाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. खाणारा माणूस. आणि त्याच माणसाच्या घरी काचेच्या पेटीत दोन मासे. सोनेरी, बोटाएवढे.

मी विचारलं, "मास्तर, हे कधी खायचे?"

"हे खायचे नाहीत, नाखवा. बघायचे."

"आणि आमच्याकडून नेता ते?"

"ते खायचे."

आता याला काय म्हणायचं? आमच्याकडे कुत्रा होता, तो जाळी राखायचा. मांजर होतं, ते उंदरांसाठी. नुसतं बघायला म्हणून कोणी काही पाळलेलं मला ठाऊक नव्हतं. आज माझ्या नातवाचा कुत्रा गादीवर झोपतो, त्याचा वाढदिवस होतो, मी केक खातो आणि गप्प बसतो. तेव्हा मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हतो.

फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणाला मास्तरांना आठ दिवस पुण्याला जायचं होतं. पेटी उचलून आमच्या ओट्यावर आले. "माशांतलं तुमच्यापेक्षा कोणाला कळणार," म्हणाले. आणि लगेच शिकवायला लागले. सकाळी चिमूटभर खाणं. पाणी गढूळ झालं तर अर्धं काढायचं, नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग ते घालायचं.

"मास्तर, तुम्ही बाराखडी शिकवा," मी म्हटलं.

बायको आतून म्हणाली, "आता येवढंच बाकी व्हतं. माशे आनायचे पन आमी, नि सांभालायचे पन आमी."

दोन दिवस मी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन शेजारी बसलो तर दोघे काचेजवळ आले. मी डावीकडे सरकलो, तेही सरकले. जन्मभर मी मासा कुशीवर पडलेला बघितला. समोरून त्याचं तोंड कसं दिसतं ते मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. चहा गार झाला.

पाचव्या दिवशी पाणी गढूळलं. एक जण वर येऊन तोंड उघडमिट करायला लागला. मला वाटलं, यांना दर्या पाहिजे. बादलीतल्या पाण्यात कुठला मासा जगेल? गोड्या पाण्यातही मासे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पवईचा तलाव काही लांब नाही. पण ते मी माशांत धरत नव्हतो.

सहाव्या दिवशी होडीवर कळशी नेली. लांब, जिथे पाणी निळं होतं, तिथे भरली आणि परत येईपर्यंत गुडघ्यांत धरून बसलो, सांडू नये म्हणून. घरी येऊन पेटीतलं सगळं पाणी ओतलं आणि दर्याचं भरलं.

जेवून उठलो तर दोघे कुशीवर.

बायकोने पाण्यात बोट घालून चाटलं. "अवो, खारं पानी घातलंव? कोल्याच्या हातून मासा पान्यात मेला. सांगू वाड्यात सगल्यांना?"

"सांग."

ती कोणाला सांगायला गेली नाही.

माझ्या हातातून रोज पाटीच्या पाटी मेलेले मासे जात. हे दोन कुठे ठेवावे ते मला सुचेना. मांजर पायाशी येऊन बसलं होतं, त्याला रोज डोकी टाकतोच. हे टाकवेनात. शेवटी नारळाच्या आळ्यात पुरले, तेही कोणी बघत नाही ना ते बघून.

आठव्या दिवशी दुपारी मास्तर पेढे घेऊन आले. नातू झाला होता. रिकाम्या पेटीकडे बघून थांबले. आजारी पडले असं सांगायचं मी ठरवलेलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी मारले, मास्तर. दर्याचं पाणी घातलं."

"सगळं?"

"सगळं."

"का हो?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून."

मास्तरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. रागावले असते तर मला बरं पडलं असतं. म्हणाले, "दार उघडल्यावर घरात कोणीतरी हलावं, एवढ्यासाठी ठेवले होते हो." मग रिकामी पेटी उचलली. मी हात लावायला गेलो, लावू दिला नाही.

घरात कोणीतरी हलावं. इतकी वर्षं मी हे वाक्य चघळतोय. आमच्या घरात अकरा माणसं, एक हलल्याशिवाय दुसऱ्याला बसायला जागा नाही. म्हणून मला समजत नसेल, असं स्वतःला सांगतो. पण मग माझा चहा का गार झाला होता? आणि त्या दोघांना आळ्यात पुरलं का, मांजराला का नाही दिलं? विचारलं तर बायको म्हणायची, तुमी येडे. तेवढ्याने भागत नाही.

मास्तर पेटी घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीवर गेलो नाही. अंधेरी स्टेशनजवळ पोपट, ससे आणि काचेतले मासे विकणारं दुकान होतं, तिथे जाऊन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मासे विकत मागितले, तेही जिवंत. दुकानवाल्याने दोन सोनेरी प्लास्टिकच्या पिशवीत सोडले, तोंड बांधलं आणि विचारलं, "काका, पाणी कुठलं घालणार?"

"नळाचं," मी म्हटलं. "रात्रभर बादलीत ठेवलेलं. काल रात्रीच भरून ठेवलंय."